मिठागरांच्या गावात हीट पंप

मिठागरं भाईंदरकरांच्या सवयीची. लोकलच्या खिडकीतून पाहिलेली. गंमत अशी की, हीट पंपाचा पूर्वजही मिठाच्याच कामाचा. १८५०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या एबेनझे गावी पीटर रिटिंगर या अभियंत्यानं खारं पाणी आटवायला तो बसवला. तिकडे उन्हाची वानवा. आपल्याकडे ऊन फुकट, त्यामुळे आपल्या आगरांना यंत्राची गरज पडली नाही.

त्याच कुळातलं यंत्र आता आंघोळीचं पाणी तापवायला आलंय. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीत भरतो. युरोपात थंडीत त्याच्या कॉइलवर बर्फ धरतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या खाली उतरत नाही, म्हणजे त्याची चैनच! शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साध्या गीझरला सुमारे २.३ युनिट लागतात. खाल्लेल्या विजेच्या तिप्पट उष्णता देणारा हीट पंप तेच काम पाऊण युनिटात करतो.

मग सगळ्यांनी घ्यावा का? माझं मत विचाराल तर नाही. घरात दोन माणसं आणि दोन बादल्या, तर छोटा गीझरच बरा. यंत्राची किंमत वसूल व्हायला वर्षं जातील. सहा-सात माणसांचं घर असेल, नाहीतर सोसायटीची जिम असेल, तर हिशेब जमतो. गच्चीवर मोकळी जागा असेल तर आधी सोलरचा विचार करा. पावसाळ्यात मात्र सोलर रुसतो आणि हीट पंप चालत राहतो.

घ्यायचाच ठरला तर दोन गोष्टी बघा. एक, वजन. दोनशे लिटरची टाकी भरली की पाणीच दोनशे किलो. ती बाल्कनीत ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारा. दुसरी, आपली खारी हवा. उत्तनकडून येणारा वारा अॅल्युमिनियमच्या पात्या कुरतडतो. कॉइलला गंजरोधक लेप आहे का, आणि सर्व्हिसचा माणूस भाईंदरात येतो का, हे दुकानातच विचारून घ्या. पाणी तापायलाही तास-दोन तास लागतात, तेव्हा बटण रात्रीच दाबलेलं बरं.

आणि हो, हे यंत्र गार हवा बाहेर सोडतं. मे महिन्यात गच्चीवर पापड घालायला गेलात, तर त्याच्या पंख्यासमोर जरा उभं राहून बघा.