श्वास मोजण्याची विद्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "लहान मुलांच्या छातीचे आजार ओळखणारे डॉक्टर कसे तयार होतात, यावर बोलेन." त्या हसून म्हणाल्या, "बाई, डॉक्टर तयार करणे हे कॉलेजाचे काम. त्यात आमच्या बायकांचे काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच मी आज उभी राहिले आहे. माझी सारी नोकरी अमरावती आणि अकोला या दोन गावी, मुलांच्या वॉर्डात आणि शिकाऊ डॉक्टरांना शिकवण्यात गेली. तेव्हा जे सांगणार आहे ते पाहिलेले आणि वाचलेले आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांपासून सुरुवात करते. मेळघाटातल्या बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य काढले. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली, हे आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. तिकडे जाण्यापूर्वी डॉ. जाजू यांनी आपल्याला काय सांगितले, ते डॉ. कोल्हे यांनी पुष्कळ वेळा सांगितले आहे. अशा दुर्गम गावी जायचे असेल तर तीन गोष्टी यायला हव्यात. सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करता आले पाहिजे, एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे, आणि हगवणीवर उपचार करता आला पाहिजे. पदवी हातात असूनही हे तिन्ही शिकण्यासाठी ते मुंबईला जाऊन सहा महिने राहिले आणि मग बैरागडला गेले.

या गोष्टीत विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. न्यूमोनिया पुस्तकात होता, परीक्षेतही असणारच. परंतु मोठ्या रुग्णालयात शिकणाऱ्या मुलाला एक्स-रे हाताशी असतो, रक्ततपासणी हाताशी असते, वरचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात. तोच मुलगा किंवा मुलगी बंधपत्राच्या नोकरीसाठी धारणी-चिखलदऱ्याकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात जाते. अमरावतीहून परतवाडा, मग घाट, मग जंगल. पावसाळ्यात नाला भरला की वाट बंद. अशा रात्री समोर सहा महिन्यांचे लेकरू खोकत असेल, तर या डॉक्टरने काय करावे? साधा सर्दी-खोकला म्हणून घरी पाठवावे, की गाडी काढून पुढे न्यावे? या एका निर्णयावर पुष्कळदा जीव अवलंबून असतो.

संसर्गाच्या आजारांपैकी न्यूमोनियाइतकी लहान मुले दुसरा कोणताही आजार नेत नाही. 2019 या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची सुमारे 7 लाख 40 हजार मुले त्याने दगावली. त्या वयाच्या एकूण मृत्यूंपैकी हे 14 टक्के होते. आणि यातली बहुतेक मुले जेथे एक्स-रे नाही अशाच गावांतली असतात.

मग एक्स-रेशिवाय ओळखावे कसे? पापुआ न्यू गिनी नावाच्या दूरच्या डोंगराळ देशात फ्रँक शॅन नावाचे डॉक्टर काम करीत होते. खोकणाऱ्या मुलांकडे बारकाईने पाहून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले की दोन खुणा फार उपयोगाच्या आहेत. पहिली, श्वासाचा वेग. दुसरी, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हाच धागा धरून नियम बांधले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असेल तर तो जलद समजावा.

ऐकायला सोपे वाटते. पण शिकाऊ डॉक्टरांना हे शिकवताना मी पाहिले आहे की सर्वांत अवघड तेच जाते. बाळ रडत असेल तर मोजून उपयोग नाही. दूध पीत असेल तरीही नाही. आईच्या मांडीवर ते शांत होईपर्यंत थांबावे लागते. झबले वर करावे लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे नको, कारण लहान बाळ मध्येच भरभर घेते, मध्येच थांबते. पुरा एक मिनिट मोजायचे. बाहेर साठ माणसांची रांग असताना एक मिनिट स्तब्ध बसून एका लेकराच्या पोटाकडे पाहणे, ही सवय हाताला लागावी लागते. कोणीतरी शेजारी बसून दहादा, वीसदा मोजायला लावावे, तेव्हा ती लागते.

आणखी एक गोष्ट मी त्यांना शिकवीत असे. आईला "श्वास घ्यायला त्रास आहे का?" असे विचारले तर ती गप्प बसते. पण आपल्याकडची म्हातारी आपणहून सांगते, "डॉक्टरीणबाई, लेकराचं पोट उडून रायलं. दूध बी पेत नाही." तिच्या या दोन वाक्यांत अर्धे निदान आले. पोट उडते म्हणजे छाती आत ओढली जात असावी. दूध पीत नाही ही तर मोठ्या धोक्याची खूण. ज्याला आईची बोली कळत नाही त्याला आजारही उशिरा कळतो. मेळघाटात तर कोरकू बोलीतले चार शब्द शिकणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे.

भगिनींनो, आता बायकांचे काय, या प्रश्नाकडे येते. ही विद्या डॉक्टरांपुरतीच ठेवावी काय? याचे उत्तर आपल्या विदर्भानेच जगाला दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातले आरोग्यसेवक आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या द्यायला शिकवले. यातल्या कित्येक सुइणींना अक्षरओळख नव्हती. पन्नासपर्यंत मोजताही येत नव्हते. म्हणून श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ अगदी तान्ह्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी आला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत तर कोणतीही बाई मोजते!

त्या वेळी पुष्कळ तज्ज्ञांना हे धाडस वाटले असेल. निरक्षर बाईच्या हाती अशी औषधे द्यायची! परंतु 1990 साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. ज्या 58 गावांत हे काम झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू, शेजारच्या 44 गावांच्या मानाने, 54 टक्क्यांनी कमी होते. पुढे 2019 साली केंद्र सरकारने 'सांस' नावाची मोहीम सुरू केली. तीत गावच्या आशाताईने श्वास मोजावा, अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस द्यावा आणि मुलाला पुढे पाठवावे, असे ठरले आहे. वाळूच्या घटिकेपासून आशाताईपर्यंतची ही वाट आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, आता काळ बदलला. खेड्यापाड्यांत यंत्रे आली. यंत्रे असताना शिकवण्याचा एवढा आटापिटा कशाला? यंत्रांची मी वैरीण नाही. बोटाला लावायचा तो छोटा चिमटा, ऑक्सिमीटर, कोरोनाच्या साथीत आपण घरोघर पाहिला. मुलांच्या दवाखान्यात तो असलाच पाहिजे. परंतु या बाबतीत दोन देशांची हकीकत सांगते.

बांगलादेशातल्या ढाक्याच्या एका रुग्णालयात डॉ. चिश्ती यांनी शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीचा उपयोग केला. बाळाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी, आणि श्वास बाहेर टाकण्याची नळी बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली. बुडबुडे येत राहतात, आणि त्या पाण्याच्या दाबामुळे फुप्फुसाचे बारीक कप्पे मिटत नाहीत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नुसत्या साध्या ऑक्सिजनवर 15 टक्के मुले दगावली, तर बाटलीच्या उपचारात 4 टक्के. साऱ्या जगाने वाहवा केली.

पुढे आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात अशाच बुडबुड्यांच्या पद्धतीची परीक्षा झाली. तेथे रोज डॉक्टरांची देखरेख नव्हती. 2019 साली निकाल आला तो उलटा. साध्या ऑक्सिजनवर 11 टक्के मुले गेली, आणि बुडबुड्यांच्या उपचारात 17 टक्के. दोन्हीकडची मुले काही एकसारखी नव्हती, त्यामुळे सारा दोष एकाच कारणावर टाकता येणार नाही. तरी एक बोध स्पष्ट आहे. नळी नाकात नीट बसली आहे का, बाळ थकत चालले आहे का, पोट फुगते आहे का, हे घटकाघटकाने पाहणारे शिकलेले माणूस खाटेशी नसेल, तर चांगले साधनही घात करू शकते. आपल्याकडेही एका ग्रामीण दवाखान्यात हवेतून ऑक्सिजन काढणारे यंत्र प्लास्टिकच्या वेष्टनासकट कपाटात ठेवलेले मी पाहिले. चालवायचे कसे, हे तेथल्या परिचारिकेला कोणी दाखवलेलेच नव्हते. त्या मुलीचा त्यात काय अपराध?

म्हणून माझे म्हणणे असे की डॉक्टरांचे शिक्षण जेथे काम करावयाचे आहे तेथे, त्याच साधनांवर आणि परिचारिकेला सोबत घेऊन झाले पाहिजे. एकदा व्याख्यान देऊन निघून जाणारा शिक्षक उपयोगाचा नाही. तीन महिन्यांनी पुन्हा येऊन "दाखव पाहू, कसा मोजतेस?" असे विचारणारा हवा. दम लागलेल्या मुलाला फवाऱ्याचे औषध देण्यासाठी महागडी नळी नसेल, तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून तेच काम होते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. हीदर झार यांनी 1999 साली दाखवले. अशी बाटली स्वतःच्या हाताने करून पाहिलेला डॉक्टर खेड्यात अडून बसत नाही.

आता आपल्या घरातले. खोकला म्हटला की आपण पातळ औषधाची बाटली मागतो. डॉक्टरने दिली नाही तर "काही औषधच दिले नाही" म्हणून नाराज होतो. 2025 साली आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या कित्येकांनी नागपुरात प्राण सोडले. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची अशी औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. तेव्हा जो डॉक्टर बाटली न लिहिता पुरा एक मिनिट बाळाकडे पाहत बसतो, त्याला नावे ठेवू नका. तो काम करतो आहे.

मंडळाच्या प्रत्येक भगिनीने चार गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन, निजलेल्या नातवंडाचा श्वास एकदा मोजून पाहावा. निरोगी श्वास ओळखीचा झाला की आजारी श्वास चटकन उमगतो. पऱ्हाटी-तुराट्यांच्या धुरात तान्हे बाळ घेऊन बसू नये. न्यूमोनियाची लस 2021 पासून आपल्या राज्यात सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळा चुकवू नयेत. आणि श्वास जलद वाटला, छाती आत ओढली गेली, मूल दूध-पाणी घेईना, फार सुस्त पडले किंवा झटके आले, तर अंगारा नको, पोटावर डागणी तर मुळीच नको, सकाळची वाट पाहणेही नको. थेट दवाखाना गाठावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर नुसता श्वास जलद असला तरी थांबू नये.

दवाखान्यात गेल्यावर समोरचा डॉक्टर वयाने लहान असेल, नवखा असेल. त्याला सांगा, "आम्ही घरी मोजला, मिनिटाला अठ्ठावन्न भरला." तो मान वर करून तुमच्याकडे पाहील आणि स्वतः पुन्हा मोजील. चिटणीसबाई, डॉक्टर तयार करण्यात आपल्या बायकांचा वाटा आहे तो असा.