घरच्या गाण्यासाठी पहिले यंत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही, आणि शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. पण आमच्या घरी रेकॉर्डिंगचे यंत्र आल्यापासून निम्म्या आळीने "काय घेतलं, केवढ्याचं, आणि कशाला?" असे विचारून झाले आहे. तेव्हा सगळ्यांना एकदमच सांगावे म्हणून उभी राहिले. किंमत तेवढी ज्यांना हवी त्यांनी घरी येऊन पावती पाहावी.

कशाला, ते आधी सांगते. आमच्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येतात. वय ८४. दोन ओव्या झाल्या की दम घ्यावा लागतो. मागे आम्ही सहाजणी मोबाईल मध्ये ठेवून त्यांच्याबरोबर म्हणायला बसलो. कुणी खोकले, कुणाचा सूर चढला, की पुन्हा पहिल्यापासून! तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही म्हणा गं, माझं झालं." सगळ्या आवाजांचा एकच गोळा झाला म्हणजे एकीचे चुकले तरी सगळ्यांना भोवते.

मल्टिट्रॅक रेकॉर्डरमध्ये तसे होत नाही. आपला मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. हळद हळदीच्या वाटीत, मोहरी मोहरीच्या. तसा एका ट्रॅकवर तंबोरा, दुसऱ्यावर सासूबाई, तिसऱ्यावर मी. माझे बिघडले तर माझीच वाटी रिकामी करायची. त्यांना पुन्हा गायला लावायचे कारण नाही.

आवाजावर आवाज चढवण्याची विद्या मात्र जुनी आहे. अमेरिकेत लेस पॉल आणि त्यांच्या पत्नी मेरी फोर्ड यांचे 'हाउ हाय द मून' हे गाणे १९५१ साली निघाले. त्यात गाणाऱ्या साऱ्या बायका म्हणजे एकट्या मेरीबाईच! पण त्यांच्या तऱ्हेत एखादा थर चुकला की आधीचे सगळे वाया जाई. पुढे १९७९ साली साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक घेणारे 'पोर्टास्टुडिओ १४४' निघाले, आणि ही सोय घरात आली. आताच्या यंत्रात कॅसेटच्या जागी नखाएवढे कार्ड असते.

दुकानात गेले की आधी ट्रॅक किती ते सांगतात. आपण विचारावे, एका वेळी किती घेता येतात? टॅस्कॅमच्या २४ ट्रॅकच्या यंत्रात एका वेळी ८ घेता येतात. ते वाद्यवृंदवाल्यांना ठीक. घरी एकेकीने गायचे तर दोन पुष्कळ झाले. त्याच कंपनीचे डीपी-००६ सहा ट्रॅकचे आणि डीपी-००८ईएक्स आठ ट्रॅकचे, दोन्हींत एका वेळी दोनच. मग फरक कशात? आठवाल्याला चांगल्या माइकची तीन पिनांची जागा आहे, सहावाल्याला नाही. मी तेवढ्यासाठी आठवाले घेतले. झूमच्या आर ४ मध्ये ट्रॅक चारच, पण आवाज एकाएकी चढला तरी फाटत नाही, कारण ते ३२ बिट फ्लोटमध्ये घेते. ज्यांचा आवाज टिपेला जातो त्यांनी ते जरूर पाहावे.

माइकचे म्हणाल तर कंडेन्सर माइक फार बारीक ऐकतो आणि त्याला यंत्रातून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. पण तो शेजारच्या कुकरची शिट्टीही तितक्याच आवडीने ऐकतो! आमचे घर रस्त्यावरचे. म्हणून साधा डायनॅमिक घेतला, त्याला वीज लागत नाही. तोंडापासून चार बोटांवर धरायचा आणि गाणारीच्या पाठीमागे गोधडी टांगायची. एवढ्याने घुमणे बरेच कमी होते.

पैसे उरले तर ते कान पुरता झाकणाऱ्या हेडफोनवर घाला, हे मी हट्टाने सांगते. तंबोरा उघड्यावर वाजला तर तो माइकमध्ये शिरतो आणि गाणारीच्या ट्रॅकवरून मग काढता येत नाही. तो कानातच ऐकायचा. सासूबाईंनी आधी "हे टोपण मी घालणार नाही" म्हणून ऐकवले. मग एक कान उघडा ठेवण्यावर तडजोड झाली.

कार्डाची चिंता करू नये. एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ५ एमबी लागतात. चार मिनिटांची, सहा ट्रॅकची ओवी धरली तरी सव्वाशेच्या आसपास. मात्र कार्ड एकच ठेवू नये. गाणे झाले की त्याच दिवशी मुलांकडून संगणकावर उतरवून घ्यावे आणि आणखी एक नक्कल दुसऱ्या घरी ठेवावी. यंत्र पुन्हा मिळेल हो, पण ८४ वर्षांचा तो आवाज?

आजवर सासूबाईंच्या २३ ओव्या झाल्या आहेत. मागून धरणारे आवाज अजून भरायचे आहेत. चौघीजणी हव्यात. एकेकीने यायचे, दुपारी दोन ते चार, संध्याकाळचे कुकर लागायच्या आत. नावे माझ्याकडे द्यावीत.