कॉलेजातील पहिले वर्ष



वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावातून मुलगा वा मुलगी कॉलेजात जावयास निघाली म्हणजे घरची मंडळी दोन गोष्टींची तजवीज कसोशीने करतात. एक फीची व दुसरी खोलीची. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि अंथरूण दिले जाते. परंतु अकोल्यास किंवा अमरावतीस पोहोचल्यावर त्या मुलाने दोन वेळा काय जेवावे आणि किती वाजता निजावे, हे मात्र कोणी ठरवून देत नाही. पहिल्या वर्षी जी मुले मागे पडतात, ती सारीच बुद्धीने उणी असतात असे नाही. पुष्कळांचे गाडे या न ठरविलेल्या गोष्टींपाशीच अडते.

वाशीम हा १९९८ साली स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत हा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत असे, आणि त्याच अकोल्यातून गोपाळ गणेश आगरकर १८७५ साली मॅट्रिक झाले. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा निर्धन मुलगा पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुवून सकाळी तोच घालावयाचा, ही त्यांची गोष्ट घरोघरी सांगितली जाते, सांगावीही. पण तिचा उत्तरार्ध सहसा सांगत नाहीत. दम्याने ग्रासलेले आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असतानाच १७ जून १८९५ रोजी, चाळिशी गाठण्यापूर्वीच, निवर्तले. दारिद्र्यामुळेच दमा जडला असे म्हणता येणार नाही. तथापि विद्यार्थ्याच्या हालांचे कौतुक करून त्याच्या प्रकृतीकडे काणाडोळा करण्याची जी आपली रीत आहे, ती काही चांगली नव्हे.

त्याच १८५६ साली जन्मलेले आणि त्याच कॉलेजात शिकलेले बाळ गंगाधर टिळक यांनी निराळा मार्ग धरला. प्रकृती अशक्त आहे हे ओळखून त्यांनी कॉलेजचे पहिले वर्ष तालीम, पोहणे आणि कुस्ती यांत घालविले. त्या वर्षी अभ्यास अर्थातच मागे पडला. आजच्या पालकाने असा मुलगा घरी बोलावून घेतला असता! पुढे टिळक बी. ए.ची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, आणि १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षांची शिक्षा सोसून मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले.

आता प्रत्येकाने वर्ष सोडावे असे नव्हे. रोजचा एक तास पुरे. अमरावतीत तर वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे; व्यायामास जागा नाही ही सबब तेथे चालावयाची नाही.

झोपेची गोष्ट याहून महत्त्वाची. दिवसा वाचलेले मनात पक्के होण्याचे काम निद्रेतच मोठ्या प्रमाणात चालते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा विद्यार्थी आपल्याच हाताने आपली कमाई उधळतो. जर्मन संशोधक एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले विसरण्याचा वेग सुरुवातीसच सर्वांत अधिक असतो. तेव्हा एकाच बैठकीत धडा दहादा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून तो स्वतःशी आठवून पाहावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. जे आठवत नाही तेवढ्यापुरतेच पुस्तक उघडावे. उशाशी ठेवलेला मोबाईल मात्र रात्री दुसऱ्या खोलीत, निदान हात पोहोचणार नाही अशा फळीवर, असावा.

आणि डबा. पैसे वाचविण्यासाठी एका वेळचा डबा बंद करून टपरीवरच्या चहावर दिवस काढणारी मुले थोडीथोडकी नाहीत. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष घातक. त्यांच्यात रक्तक्षय अधिक आढळतो आणि जेवणासोबतचा चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी आणि वर लिंबाची फोड, एवढे साधे जेवण दोन्ही वेळा मिळाले तरी वर्ग भरल्यावर डुलक्या येत नाहीत. घरून जे पैसे जातात, त्यांतील खाणावळीचे पैसे वेगळे काढून महिन्याच्या प्रारंभीच भरून टाकावेत, म्हणजे त्यांना दुसरे पाय फुटत नाहीत.

एखादा विषय राहिला म्हणजे मूल घरी बोलेनासे होते. फोनवर ‘बरे आहे’ एवढेच उत्तर येते. अशा वेळी गुणांची चौकशी बाजूस ठेवून बापाने शनिवारची एस. टी. धरावी आणि मुलाच्या खोलीवर एक रात्र मुक्काम करावा. तेही न जमले, किंवा मुलास घरच्यांशी बोलणे अवघड वाटले, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.