संगणक सुरू होत नाही तेव्हा
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो दिसावयास लहान आहे. संगणकाचे बटण दाबले आणि तो नीट सुरू झाला नाही, तर काय करावे? मी बी.ए., बी.एड्. झालेला भाषेचा शिक्षक आहे, अभियंता नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला. नांदेड असो वा लातूर, आपल्या घरांतून आणि शाळांतून कापडाखाली झाकून ठेवलेले बंद संगणक मी पाहत आलो आहे. त्यांतील पुष्कळांना मोठा आजार नसतो. कोणी त्यांची नाडी पाहिलेली नसते, एवढेच.

घरातील संगणक बंद पडला म्हणजे प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो. बारावीच्या मुलीची टिपणे त्यात असतात. वडिलांच्या दुकानाचा हिशेब त्यात असतो. अर्जाची शेवटची तारीख यंत्रासाठी थांबत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलीच्या अभ्यासासाठी जुना संगणक विकत घेतला होता. तो एके दिवशी सुरू होईना. दुरुस्ती करणाऱ्याने आत काय आहे हे न विचारताच फॉरमॅट मारला. संगणक सुरू झाला, पण दोन वर्षांची टिपणे आणि स्कॅन करून ठेवलेले दाखले कायमचे गेले. असे पुन्हा कोणाच्या घरी होऊ नये, हा माझ्या बोलण्यामागील हेतू आहे.

पालक बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हातात पाना-पेचकस धरणारी माणसे आहेत. कोणी गॅरेज चालवितो, कोणी मोटारीचे वाइंडिंग करतो, कोणी शिलाई मशीन दुरुस्त करतो. मोटारसायकल सुरू होत नाही म्हणून गिऱ्हाईक आले तर जाणता मिस्त्री लगेच इंजिन उघडतो काय? तो आधी टाकीत पेट्रोल आहे की नाही ते पाहतो. मग प्लग काढून ठिणगी पडते का ते पाहतो. मग कार्बोरेटरकडे वळतो. सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे जावयाचे, ही कारागिराची रीत. संगणकालाही हीच रीत लागू पडते. जो बाप प्लग तपासू शकतो, त्याच्या मुलाने संगणकाला घाबरण्याचे कारण नाही.

आता बटण दाबल्यावर आत काय घडते ते पाहू. समजा, एक गृहस्थ नांदेडहून रेल्वेने लातूरला निघाले आणि पोहोचले नाहीत. आपण त्यांचा शोध कसा घेऊ? पूर्णा ओलांडली का, परभणी ओलांडली का, परळी गेली का, लातूर रोडला कोणी पाहिले का, असे विचारीत जाऊ. संगणकाच्या वाटेवरही चार स्थानके आहेत. तो कोणत्या स्थानकापर्यंत पोहोचला, हे कळले की निम्मी दुरुस्ती झाली असे समजावे.

पहिले स्थानक विजेचे. भिंतीतील २३० व्होल्टची वीज पेटीतील पॉवर सप्लाय घेतो आणि तिचे १२, ५ व ३.३ व्होल्ट असे सौम्य प्रवाह करून आत देतो. दुसरे स्थानक स्वतःच्या तपासणीचे. प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरील एका चिपमधील सूचना वाचतो. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यू.ई.एफ.आय. म्हणतात. मेमरी आहे काय, पडदा आहे काय, कीबोर्ड आहे काय, अशी हजेरी तेथे घेतली जाते. तिसरे स्थानक डिस्कचे. विंडोज किंवा लिनक्स कोठे ठेवले आहे, हे तेथे शोधले जाते. चौथे स्थानक खुद्द विंडोजचे. या सगळ्या प्रवासाला बूट होणे म्हणतात. बूट ओढून चढविण्यासाठी त्याला मागे जो पट्टा शिवलेला असतो तो बूटस्ट्रॅप. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलावे, तसा संगणक थोड्याशा सूचनांच्या बळावर स्वतःला उभा करतो, म्हणून हे नाव पडले.

पहिल्या स्थानकावरच गाडी अडली, म्हणजे दिवा नाही, पंखा नाही, तर आधी त्याच सॉकेटमध्ये टेबल फॅन लावून पाहावा. मग वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. पेटीच्या मागच्या बाजूस पॉवर सप्लायचे वेगळे लहान बटण असते. झाडलोट करताना ते बंद झालेले असू शकते. यू.पी.एस. वगळून वायर थेट भिंतीला लावून पाहावी. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. एवढ्याने भागले नाही, तर पॉवर सप्लाय दुसरा लावून पाहण्याचे काम जाणत्याकडे द्यावे. विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली राहते.

पंखा फिरतो पण पडदा काळा, हे दुसऱ्या स्थानकाचे दुखणे. प्रथम मॉनिटरची वायर व त्याचे बटण पाहावे. नंतर संगणकाची वायर पूर्ण काढावी, पेटी उघडावी आणि अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. मग मेमरीची पट्टी काढून, तिचे सोनेरी दात कोरड्या मऊ कापडाने किंवा पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसून, टक असा आवाज होईपर्यंत पुन्हा बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. मदरबोर्ड गेला, असा निकाल ऐकण्यापूर्वी ही परीक्षा झालीच पाहिजे. काही यंत्रे येथे टूं-टूं असा आवाज करतात. त्या आवाजांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून आवाज किती व कसे झाले ते कागदावर लिहून ठेवावे. दुरुस्ती करणाऱ्यास त्याचा मोठा उपयोग होतो.

पडद्यावर काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे येऊन गाडी थांबली, तर ते तिसरे स्थानक. ती अक्षरे घाबरून पुसू नयेत, वाचावीत. मोबाइलवर त्यांचे छायाचित्र घ्यावे. बूट करण्याजोगे उपकरण सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश असेल तर आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढावा. यंत्र त्यातच विंडोज शोधीत बसलेले असू शकते. मग डिस्कच्या वायरी पाहाव्यात. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर मात्र संगणक लगेच बंद करावा. ती डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. पुन्हा पुन्हा चालू करण्याने आतील माहिती वाचण्याची उरलेली संधीही जाते.

याच स्थानकावर आपल्याकडे जून महिन्यात एक विशेष दुखणे आढळते. एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, शाळा बंद असते, खोलीत धूळ बसते आणि संगणकांच्या वायरी काढून ठेवलेल्या असतात. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा एक चपटा सेल असतो. त्याचा क्रमांक सी.आर. २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. वायर काढलेली असताना घड्याळ चालू ठेवण्याचा सर्व भार या सेलवर पडतो आणि जुना सेल सुट्टीत संपून जातो. शाळा उघडल्यावर यंत्र तारीख व वेळ चुकल्याचे सांगून थांबते. कधी ते सुरू होते, पण तारीख कित्येक वर्षे मागे गेल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि अर्ज भरता येत नाही. सगळे म्हणतात, नेट खराब आहे. वास्तविक घड्याळाच्या दुकानात सहज मिळणारा सेल बदलला आणि तारीख नीट लावली की काम होते.

चौथे स्थानक विंडोजचे. कंपनीचे चिन्ह येते, टिंब गोल गोल फिरतात आणि पुढे काही नाही, किंवा निळा पडदा येतो. अद्ययावतीकरण चालू असताना वीज जाणे हे आपल्याकडील याचे एक नेहमीचे कारण. अशा वेळी यंत्र बहुधा धडधाकट असते, आतील एखादी फाइल बिघडलेली असते. सलग दोन-तीन वेळा सुरुवात अर्धवट राहिली की विंडोज १० व ११ आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवितात. त्यात ट्रबलशूट आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स येथे जावे. प्रथम स्टार्टअप रिपेअर करून पाहावे. ते न जमल्यास नुकतेच आलेले अपडेट काढावे किंवा सिस्टीम रिस्टोअर करावे. स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोड मिळतो. तेथे विंडोज अगदी मोजक्या सामानानिशी सुरू होते आणि नव्याने घातलेला दोषी प्रोग्राम काढता येतो.

याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण सांगतो. १९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी, क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामची एक सदोष फाइल जगभर गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून सुरू होईनासे झाले. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण जे संगणक आधीच अडले होते ते पुष्कळसे तसेच राहिले. विमाने रखडली. आपल्या शेजारच्या हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आणि उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे. मात्र ते काम हजारो ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापुढे बसून करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही शेवटी ज्याला चौथे स्थानक ओळखता येते असा माणूस लागला.

त्या दिवशी आणखी एक धडा मिळाला. अनेक संगणकांच्या डिस्कला बिटलॉकरचे कुलूप होते आणि ४८ अंकी किल्ली दिल्याशिवाय आत जाता येत नव्हते. आजच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये असे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. ती किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. संगणक चालू आहे तोपर्यंतच ती शोधून वहीत लिहून ठेवावी.

आता फॉरमॅटविषयी. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे आणि त्याच्याआधी आतील माहिती बाहेर काढलीच पाहिजे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर घेता येते. बंद संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला, की डिस्क शाबूत असल्यास फाइली दुसरीकडे उतरविता येतात. कुलूप असल्यास मात्र वरील किल्ली हवीच. पालकांनो, दुकानात यंत्र देताना आपण एक वाक्य स्पष्ट सांगावे, शक्य तर चिठ्ठीवर लिहून द्यावे: "आतली माहिती आधी काढा, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." प्रामाणिक कारागिराला या वाक्याचा राग येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. म्हणून ते भंगारात टाकण्याची घाई करू नये. लिनक्स घालून त्यांवर टंकलेखन, हिशेब आणि अभ्यास उत्तम चालतो.

शेवटी संस्थेपुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, शाळेतील प्रत्येक संगणकाची नोंदवही असावी. यंत्र कोणत्या दिवशी, कोणत्या स्थानकावर अडले, पडद्यावर काय लिहून आले आणि काय केल्यावर सुरू झाले, हे विद्यार्थ्यांनीच लिहावे. दुसरी, कायमचे निकामी ठरलेले एक यंत्र प्रयोगशाळेत उघडून ठेवावे आणि आठवी-नववीच्या मुला-मुलींना त्याची मेमरी, डिस्क, सेल स्वतःच्या हाताने काढू-बसवू द्यावा. संगणक चालविण्याचे प्रमाणपत्र आज गावोगावी मिळते. तो दुरुस्त करणारा हात मात्र अजून दुर्मीळ आहे. लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनाकडे किंवा जवळच्या आय.टी.आय.कडे वळणाऱ्या मुलाला हा हात शाळेतच मिळाला, तर त्याची सुरुवात चार पावले पुढून होईल. मुलींना यातून वगळू नये. मेमरीची पट्टी बसविण्यास ताकद लागत नाही, लक्ष लागते.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, उद्या घरी संगणक सुरू झाला नाही तर "बिघडला" एवढेच म्हणून थांबू नका. तो कोठपर्यंत पोहोचला, हे पाहा आणि लिहा. सोपे आधी तपासा. माहिती आधी वाचवा. जे आपल्या आवाक्यात नाही ते जाणत्याकडे न्या, पण नेताना काय तपासले हे त्याला सांगा. डॉक्टरकडे नीट लक्षणे सांगणाऱ्या रोग्याला औषध लवकर लागू पडते, हे आपण सर्वजण जाणतोच.