नाव नंतर, चित्र आधी



सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली आपल्याच सिंधुदुर्गात, सावंतवाडीत जन्मले. त्यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र तुम्ही छापील प्रतीत तरी पाहिलं असेल. एका हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या तळव्याने ज्योत सांभाळणारी स्त्री. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याच्यासमोर उभे राहून कितीतरी लोक खात्रीने सांगतात, हे राजा रविवर्म्यांचं!

रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं, आणि चित्रातली स्त्री म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. पण सनावळी ठाऊक नसली तरी नुसत्या पाहण्याने शंका यायला हवी. रविवर्म्यांची ख्याती तैलरंगांची, आणि हे आहे जलरंगात. तैलरंगात चुकलेल्या जागी पुन्हा रंग चढवता येतो. जलरंगात गडद हात चुकला की उजेड गेलाच.

आता तो तळवा पाहा. आपल्या मिठबाव गावच्या खाऱ्या वाऱ्यात तुळशीपाशी दिवा नेणारी आई, काकी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. ज्योतीपुढे धरलेली बोटं कडेला लालसर होतात, उजेड मांसातून झिरपतो. हळदणकरांनी नेमकं तेच पकडलंय. शिवाय चेहऱ्यावर उजेड खालून येतो. असा उजेड चेहरा भेसूर करतो, दशावतारातल्या राक्षसासारखा. इथे चेहरा कोवळाच राहतो, हे मला या चित्रातलं सर्वांत अवघड काम वाटतं.

आणि माझा आक्षेपही तिथेच आहे. तो चेहरा फारच निवांत आहे. या बाईला काही काळजी, काही घाई असेल, याची खूण सापडत नाही. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला, त्या चित्रकारांनी अशा गोडव्याकडे पाठ फिरवली आणि ते योग्यच झालं, असं मी मानतो. मात्र हा आक्षेप घेण्याचा हक्क तो तळवा नीट पाहिल्यावरच मिळतो. समीक्षा म्हणजे चित्रातल्या जागेवर बोट ठेवून बोलणं. 'अप्रतिम' आणि 'जुनाट' हे दोन्ही शब्द त्याशिवाय पोकळ आहेत.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेच जण उद्या शाळांमध्ये चित्रकला शिकवतील. मुलाचं चित्र 'छान' म्हणून परत करू नका. हा रंग इथेच का, असं त्याला विचारा आणि त्याचं उत्तर पुरतं ऐका. मुलांना मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं पाहायला न्या. ती कोणी कोरली, हे कोणालाच ठाऊक नाही. तिथे मोठ्या नावाचा आधार नाही, डोळेच वापरावे लागतात. पहिल्याच वर्षी न्या.