शिंका आणि बेनिफूकीचं पान

फेब्रुवारी लागला की जपानच्या डोंगरांवरून पिवळसर धूळ उडू लागते. ते असतात सुगी वृक्षाचे परागकण. दुसऱ्या महायुद्धानंतर बोडक्या झालेल्या डोंगरांवर लाकडासाठी सुगीची प्रचंड लागवड झाली. ती झाडं मोठी झाली आणि शिंकांचा हंगाम सुरू झाला. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, एप्रिलपर्यंत सुटका नाही.

खरं तर परागकण निरुपद्रवी. पण शरीर त्यांना शत्रू समजतं आणि इम्युनोग्लोब्युलिन ई हे प्रतिद्रव्य तयार करतं. ते नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. पुन्हा पराग आले की या पेशी हिस्टामिन सोडतात. नेहमीच्या गोळ्या या हिस्टामिनला अडवतात. २००२ मध्ये क्युशू विद्यापीठातल्या हिरोफुमी ताचिबाना यांच्या गटानं त्याआधीची पायरी गाठली. प्रतिद्रव्य पेशीवर जिथे बसतं, त्या जागाच चहातलं मेथिलयुक्त कॅटेचिन नावाचं एक द्रव्य कमी करतं, असं प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं.

मात्र हे कॅटेचिन हरएक ग्रीन टीत नसतं. जपानात सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या याबुकिता वाणात ते जवळजवळ नाहीच. ते आहे बेनिफूकी वाणात, आणि या वाणाचं आजोळ आपल्या आसामात! १८७६ मध्ये जपानचे तादा मोतोकिची चहाची विद्या शिकायला भारतात आले आणि जाताना बी घेऊन गेले. त्या वंशातून बेनिहोमारे निपजलं, आणि बेनिहोमारेच्या पोटी बेनिफूकी. १९९३ मध्ये त्याची नोंद झाली ती काळ्या चहासाठी. पण पान आंबवून काळा चहा केला की नेमकं हेच कॅटेचिन नाहीसं होतं. पान वाफवून हिरवं राखलं तरच ते टिकतं.

सुगीच्या ॲलर्जीच्या ५१ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना याबुकिता, काहींना बेनिफूकी, रोज ७०० मिलिलिटर. कोण काय पितो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवात हंगामाच्या आधीच, डिसेंबरअखेर केली होती. बेनिफूकी पिणाऱ्यांचा त्रास कमी राहिला. मला हे आशादायक वाटतं, पण ५१ माणसं म्हणजे फार थोडी. त्यावर औषध ठरवता येणार नाही.

आपला दूध घातलेला उकळता चहा काळ्या चहाचाच, त्याच्याकडून ही अपेक्षा नको. ग्रीन टी आवडत असेल तर जरूर प्या. पण डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा त्याच्या भरवशावर बंद करू नका. आणि शिंकांबरोबर छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवा.