‘ले ऑफ’ : दोन शब्दांची गोष्ट



विद्वानांच्या या व्यासपीठावर माझ्यासारख्या, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाने इंग्रजी भाषेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. नवल मलाही वाटते. इंग्रजी मी शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर डकवलेल्या नोटिसा वाचून, आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या, पाने सुटलेल्या एका कोशाच्या मदतीने. अशा शिक्षणात चुका फार होतात, आणि त्या चुकांची फी पुष्कळदा दुसऱ्यालाच भरावी लागते. आज एवढ्या एकाच चुकीबद्दल बोलणार आहे.

इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटीला एखादे लहानसे अव्यय जोडले की त्याचा अर्थ पार बदलतो. त्याला फ्रेझल व्हर्ब असे नाव आहे. नाव मोठे असले तरी प्रकार आपल्या ओळखीचा आहे. आपले ‘काढणे’ घ्या. बँकेतून पैसे काढतात, आजार अंगावर काढतात, हलाखीत दिवस काढतात, आणि माणसाला कामावरून काढतात. क्रियापद एकच, पण शेजार बदलला की अर्थ बदलतो. मराठीत हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परक्या भाषेत मात्र आपण शब्द सुटे करून त्यांची बेरीज करतो, आणि नेमके तेथेच फसतो.

‘ले’ म्हणजे ठेवणे, मांडणे. गवंडी विटा ‘ले’ करतो, कोंबडी अंडे ‘ले’ करते. ‘ऑफ’ म्हणजे दूर, बाजूला. दोहोंची बेरीज ‘बाजूला ठेवणे’ अशी होईल. आता वापर पाहा. डॉक्टर रोग्याला सांगतात, ‘ले ऑफ स्मोकिंग’. म्हणजे विडी सोड. दोन पोरे तिसऱ्याला छळत आहेत आणि कोणी ओरडतो, ‘ले ऑफ हिम!’ म्हणजे त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि मालक व्यवस्थापकाला म्हणतो, ‘ले देम ऑफ’. म्हणजे त्यांना काम देऊ नका, घरी बसवा.

येथे एक गंमत आहे. ‘ले ऑफ देम’ म्हटले तर त्यांना त्रास देऊ नका, आणि ‘ले देम ऑफ’ म्हटले तर त्यांची रोजी थांबवा! शब्द तेच तीन, केवळ ‘देम’ने जागा बदलली. सर्वनाम मध्ये बसले तर माणूस घरी बसतो, शेवटी गेले तर माणूस वाचतो. पण सर्वनामाच्या जागी ‘वर्कर्स’ असे नाम आले तर ही खूणही जाते. ‘ले ऑफ द वर्कर्स’ हे वाक्य मालकाने व्यवस्थापकाला उद्देशून म्हटले तर त्याचा अर्थ एक, आणि युनियनच्या माणसाने लाठी उगारलेल्या शिपायाला उद्देशून म्हटले तर दुसरा. कोण बोलतो, कोणाला बोलतो आणि कोठे बोलतो, हे पाहिल्यावाचून अर्थ लागत नाही.

हे आज मी शहाणपणाने सांगतो आहे. त्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. गोष्ट १९९५ च्या सुमाराची. सत्तरएक कामगारांचा एक लहान कारखाना होता. एका शनिवारी फाटकावर इंग्रजी नोटीस लागली. मजकूर थोडक्यात असा, की कच्च्या मालाच्या तुटवड्यामुळे खालील कामगार सोमवारपासून, पुढील सूचना मिळेपर्यंत, ‘लेड ऑफ’ करण्यात येत आहेत. कामगार माझ्याभोवती जमले. “भाऊ, काय लिहिलंय?” मी ‘लेड’ पाहिले, ‘ऑफ’ पाहिले, आणि मोठ्या आवाजात सांगितले, “तुम्हाला काढून टाकलं आहे. आता या दारात पाय ठेवायचा नाही. आपण कोर्टात भेटू!”

टाळ्या पडल्या. बहुतेक मंडळी आपापल्या गावी निघून गेली.

आता कायदा काय होता ते ऐका. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन ‘ले-ऑफ’ची व्याख्या आली. कोळसा, वीज वा कच्चा माल यांचा तुटवडा, मालाचा साठा तुंबणे, यंत्र मोडणे अशा कारणांनी, ज्याचे नाव हजेरीपटावर आहे आणि ज्याची कपात झालेली नाही, अशा कामगाराला मालक काम देऊ शकला नाही, तर तो ले-ऑफ. नाव हजेरीपटावर राहते, हे त्यातले मर्म. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला अशा दिवसांसाठी मूळ पगार व महागाई भत्ता यांची निम्मी रक्कम भरपाई म्हणून ठरली होती. मात्र एक अट होती. कामगाराने कामाच्या वेळेत दिवसातून निदान एकदा कारखान्यावर हजर झाले पाहिजे. न आला तर भरपाई नाही.

आणि मी तर त्यांना दारात पाय ठेवू नका म्हणून सांगितले होते!

एकोणीस दिवसांनी माल आला आणि कारखाना सुरू झाला. निम्मा पगार मिळाला तो अवघ्या सात-आठ जणांना. त्यांत एक वयस्क फिटर होते. माझे भाषण ऐकूनही ते रोज सकाळी डबा घेऊन फाटकावर जात, नाव लिहवून घेत आणि परत येत. का, म्हणून विचारले तर म्हणाले, “घरी बसून काय करू? सवय आहे.” त्यांच्या सवयीने जे राखले, ते माझ्या इंग्रजीने बाकीच्यांचे घालवले. मालकाशी भांडायला गेलो, तर या वेळी कायदा त्याच्या बाजूला होता. युनियनच्या तुटपुंज्या फंडातून थोडेफार वाटले. ते घेताना एक टर्नर एवढेच म्हणाला, “भाऊ, तुम्हीच वाचलं होतंत ना?” त्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

मी नोटीस वाचली नव्हती, दोन शब्द वाचले होते. ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ हे शब्द त्याच कागदावर होते. कायमचे काढलेल्या माणसाला पुढील सूचना कोण देतो? कच्च्या मालाचे कारणही तेथेच होते. अर्थ शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

आता याच गोष्टीची उलटी बाजू सांगतो. २०२३ साली संगणकाच्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांतून माणसे कमी झाल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा एक माउली आमच्या कचेरीत आल्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. म्हणाल्या, “मुलाला ले-ऑफ दिलाय. निम्मा पगार कधीपासून मिळेल?” त्यांच्या कानात गिरणीतला ले-ऑफ होता. मुलाच्या तोंडी होता तो अमेरिकन वळणाचा. तिकडे हा शब्द पूर्वी पुष्कळदा तात्पुरत्या कामबंदीला लावीत, आता तो बहुधा कायमच्या काढण्यालाच लावतात. मी मुलाचे पत्र मागवले. त्यात ‘ले ऑफ’ हे शब्दच नव्हते, नोकरी संपुष्टात आल्याचे स्पष्ट लिहिले होते. मी तात्पुरत्याला कायमचे समजलो होतो, त्या कायमच्याला तात्पुरते समजल्या होत्या. त्यांना ते सांगणे फार जड गेले. पण या वेळी मी आधी सबंध कागद वाचला होता.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ले-ऑफची व्याख्या हजेरीपटावरच्या नावाशी बांधलेली आहे. तेव्हा वर्तमानपत्रातला ले-ऑफ निराळा आणि कायद्यातला निराळा, हे घरोघरी माहीत असावे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उद्या एखादा इंग्रजी कागद येईल. नोकरीचा, कर्जाचा किंवा विम्याचा. त्यातला एखादा शब्द ओळखीचा वाटेल. ओळखीचा वाटतो म्हणूनच तेथे थांबा. त्याच्या मागचे वाचा, पुढचे वाचा, आणि समजले नाही तर समजले नाही असे म्हणा. चारचौघांत तसे म्हणायला त्या शनिवारी मी लाजलो, आणि माझ्या लाजेचे एकोणीस दिवस साठ घरांनी भरले.